सारसबागेच्या दारात गाडी कुठे लावायची? आईच्या संध्याकाळच्या फेरीचं एक प्रकरण

आईच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सप्टेंबरात झाली. वय शहात्तर. नोव्हेंबर उजाडेपर्यंत ती घरात वॉकर सोडून काठीवर आली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं, "आता सपाट जागेवर रोज चालू दे, आणि घराबाहेर चालू दे." आईनं लगेच जागा ठरवून टाकली. सारसबाग.

आम्ही राहतो धायरीला. दादानं विचारलं, "सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान वाटेतच लागतं, तिथे का नको?" प्रश्न रास्त होता. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ती बाग सुंदर आहे, शांत आहे. पण आईचं अर्धं आयुष्य शुक्रवार पेठेतल्या वाड्यात गेलं. वाडा पाडून इमारत झाली आणि आम्ही धायरीला आलो, तरी तिच्या चौघी मैत्रिणी अजून त्याच भागात आहेत आणि रोज संध्याकाळी सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीच्या आवारात ठरलेल्या बाकावर बसतात. तिला नुसतं चालायचं नव्हतं, त्या बाकापर्यंत चालत जायचं होतं. हे एकदा लक्षात आलं की बाग बदलण्याचा प्रश्न उरत नाही. उरतो फक्त गाडीचा.

पुढच्या चार महिन्यांत आम्ही काय केलं, कुठे चुकलो आणि शेवटी काय जमलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. आजारातून उठलेल्या किंवा वयस्क माणसाला घेऊन पुण्यातल्या कुठल्याही गर्दीच्या बागेत जाणाऱ्याला हीच अडचण येते, आणि आम्ही तिच्याकडे बरेच दिवस चुकीच्या बाजूनं पाहत होतो.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी आम्ही सव्वासहाला पोचलो. दांडेकर पुलावरून येऊन बागेच्या मुख्य दाराशी गाडी हळू केली, तर दाराच्या दोन्ही अंगांना एकही फट नाही. पुढे गेले, सणस मैदानाच्या कडेनं वळून परत आले. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत एक जण किल्ली काढताना दिसला म्हणून थांबले, तर त्यानं डिकीतून पाण्याची बाटली घेतली आणि परत आत गेला. मागून हॉर्न. आई म्हणाली, "राहू दे गं, उद्या येऊ." गाडीत बसून बसून तिचा पाय आखडला होता. आम्ही बागेत पाऊल न टाकता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी थोडी जागा मिळाली, पण ती मिळाली नसती तर बरं झालं असतं, असं वाटावं अशी. रस्त्याच्या उजव्या कडेला, दोन दुचाकींच्या मध्ये. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, त्यामुळे डाव्या कडेला लावली की शेजारच्या माणसाचं दार पदपथाकडे उघडतं. उजव्या कडेला लावली की तेच दार वाहत्या रस्त्यात उघडतं. धडधाकट माणूस पटकन उतरून बाजूला होतो. गुडघा नवा असलेल्या माणसाला आधी दोन्ही पाय एकत्र बाहेर वळवावे लागतात, मग काठी टेकवायची, मग हात धरून उठायचं. एवढ्यात तीन दुचाक्या दाराला घासून गेल्या. त्या दिवसापासून नियम केला: आई उतरणार ती फक्त डाव्या कडेला. जागा कितीही चांगली असो, उजवीकडची असेल तर ती आमच्यासाठी नाहीच.

आठवडाभरात जागेचं गणितही कळलं. माझी वॅगन आर बारा फूट लांब आहे. रस्त्याला समांतर लावायची तर पुढे-मागे हालचालीला धरून सोळा-सतरा फूट तरी लागतात. बागेच्या कडेला एवढ्या लांबीच्या जागा असतातही, पण बरोबर मधोमध एक स्कूटर आडवी लावलेली असते, साइड स्टँडवर कललेली. एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाक्या नीट बसतात. तीच एक दुचाकी मधे उभी राहिली की ना मोटार बसते, ना बाकीच्या चार दुचाक्या. पुण्यात दुचाकींचं प्रमाण किती आहे हे मी वेगळं सांगायला नको. त्या मेन स्टँडवर, एकमेकींना लागून, एका टोकाकडून लावत आणल्या तर त्याच रस्त्यावर किती जागा निघेल, हे एकदा बाकावर बसून बघण्यासारखं आहे.

घड्याळ बदलून पाहिलं

मग वेळ बदलली. सारसबागेच्या आसपासच्या गर्दीला स्वतःची भरती-ओहोटी आहे आणि ती कळायला पंधरा दिवस लागले. सकाळी फिरणारे उजाडायच्या आत येतात आणि साडेसात-आठच्या सुमारास एकदम निघतात, तेव्हा सलग जागा मोकळ्या होतात. दुपारी चार ते पाच तुलनेनं निवांत. त्यानंतर लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं, मग दर्शनाला येणारे, आणि सातच्या पुढे बागेलगतच्या खाऊच्या चौपाटीवर भेळ-पावभाजी खायला येणारे. ही शेवटची मंडळी सर्वात जास्त वेळ थांबतात. म्हणजे फिरायला आलेली माणसं अंधार पडताना निघतात, त्यांच्या जागा क्षणभर सुटतात आणि लगेच जेवायला आलेल्यांकडे जातात. पावणेसात ते सातच्या मधल्या त्या पंधरा मिनिटांवर कुणी डोळा ठेवून असेल तर त्याला जागा मिळते.

आम्ही साडेचारला जायला लागलो. जागा मिळायची. पण मैत्रिणी यायच्या सहाला! आई दीड तास एकटी बसायची आणि त्या आल्या की अर्ध्या तासात आमची निघायची वेळ. चार दिवस तिनं काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "मला बागेत नुसतं नेऊन ठेवू नकोस गं." मला ते फार लागलं. गाडीच्या सोयीसाठी मी तिची संध्याकाळ हलवली होती.

पुन्हा सहाची वेळ धरली.

एक तारखेची चूक

डिसेंबरात भाचा सुट्टीला आला. तो आईला घेऊन आत जायचा आणि मी गाडी लांब नेऊन लावायची, अशी वाटणी झाली. पूरम चौकाच्या पलीकडे सदाशिव पेठेतली एक गल्ली मला सापडली होती. बागेपासून चालत आठ-नऊ मिनिटं. मध्ये टिळक रस्ता ओलांडावा लागतो, पण संध्याकाळी तिथे हमखास एखादी जागा असायची. गल्लीला पी-१, पी-२ लागू होतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: पुण्यातल्या बऱ्याच अरुंद रस्त्यांवर एका बाजूला सम तारखांना आणि दुसऱ्या बाजूला विषम तारखांना गाडी लावायची, अशी पद्धत आहे. रस्त्याची एक कड रोज मोकळी राहावी, रहदारी चालू राहावी आणि दोन्हीकडच्या दुकानांना-घरांना आळीपाळीनं मोकळं दार मिळावं, हा त्यामागचा विचार. मला ती पद्धत आवडते. नाताळच्या सुट्टीत आम्ही रोज जात होतो आणि मी रोज बाजू बदलत होते. काल इकडे, आज तिकडे. हाताला सवय झाली होती.

३१ डिसेंबरला मी विषमच्या बाजूला लावली. १ जानेवारीला सवयीनं समोरच्या बाजूला लावली आणि बागेत गेले. परत आले तर गाडी नाही. कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले काका म्हणाले, "ताई, आज एक तारीख. काल एकतीस होती. दोन्ही विषमच की."

एकतीस दिवसांच्या प्रत्येक महिन्यानंतर हे होतं, म्हणजे वर्षातून सात वेळा. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर १ मार्च येतो, तेव्हा आठव्यांदा. या दिवशी बाजू बदलायची नसते. "काल कुठे लावली होती" हे आठवून गाडी लावणारा प्रत्येक जण या दिवशी चुकतो. आज तारीख किती आणि पाटीवर काय लिहिलंय, एवढंच बघायचं. चूक माझी होती, वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेलं वाहन उचलून नेता येतं आणि नेण्याचा खर्चही मालकाकडून घेतला जातो. कलम १७७ खाली दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केली तर १,५०० पर्यंत. पैसे भरले, गाडी सोडवून आणली.

पैशांचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते याचं, की त्या सगळ्यात पाऊण तास गेला आणि तेवढा वेळ आई जानेवारीच्या थंडीत दाराशी उभी होती. भाचा बरोबर होता, पण बसायला काही नव्हतं. त्या दिवसांत गाभाऱ्यातल्या गणपतीलासुद्धा स्वेटर आणि कानटोपी घालतात, पुण्यात हे सगळ्यांना माहीत आहे. आईच्या अंगावर साधी शाल होती. शेवटी दारातल्या दुर्वा-फुलं विकणाऱ्या मावशींनी आपल्या खालचं स्टूल काढून तिला दिलं आणि स्वतः पोत्यावर बसल्या. "बसा आजी, मला काय, मी दिवसभर बसलेलीच आहे," म्हणाल्या.

त्या स्टुलानं आमचं सगळं प्रकरण फिरवलं.

दोन कामं वेगळी केली

आतापर्यंत मी "गाडी लावणं" हे एकच काम समजत होते. खरं तर त्यात दोन कामं आहेत. एक, माणूस उतरवणं. त्याला दारापाशी डावी कड हवी आणि दोन-तीन मिनिटं हवीत. दोन, गाडी ठेवणं. त्याला दीड तास हवा, पण दार जवळ असण्याची काहीच गरज नाही. मी आठ मिनिटं आनंदानं चालते. मी ही दोन्ही कामं एकाच जागी व्हावीत म्हणून फेऱ्या मारत होते आणि ती जागा मला कधीच मिळणार नव्हती.

भाचा सुट्टी संपवून परत गेल्यावर प्रश्न असा उरला की आईला उतरवल्यावर मी गाडी लावून परत येईपर्यंत तिच्याजवळ कोण? उत्तर बाकावरच बसलेलं होतं. आईच्या मैत्रिणींपैकी एक, त्यांना मी काकू म्हणते, त्यांना सांगितलं. "अगं, एवढंच ना? दांडेकर पुलावर आलीस की मिस्ड कॉल दे, मी दारात येते," काकू म्हणाल्या. दुर्वावाल्या मावशींना विचारून त्यांच्या टोपलीशेजारी आम्ही आमचं एक छोटं प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. त्यांच्याकडून रोज दुर्वांची जुडी घेतो. स्टुलाचे पैसे म्हणून काही देऊ केलं तर त्या रागावतात, म्हणून ते पुन्हा काढलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून क्रम असा बसला. पुलावरून मिस्ड कॉल. दाराशी डावीकडे थांबायचं, इंडिकेटर लावायचा, इंजिन चालू ठेवायचं, मी गाडीतून उतरायचं नाही. काकू दार उघडतात, आई सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय बाहेर घेते, काठी, हात, उठते. वॅगन आरची सीट उंच आहे, त्याचा इथे फार उपयोग झाला. दादाच्या गाडीतून तिला खालून वर ओढल्यासारखं उठवावं लागतं. ती स्टुलावर टेकली की मी निघते. गाडी गल्लीत, तारीख बघून. मी चालत येईपर्यंत त्या दोघी बाकापर्यंत पोचलेल्याही असतात. परतताना याच्या उलट.

थांबण्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, मलाही नव्हती. निळ्या गोलावर लाल कड आणि एकच तिरकी लाल रेघ असेल तर ती पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर तिथे थांबायलाही मनाई. एका रेघेच्या पाटीखाली माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. फुलीच्या पाटीखाली तेवढंही नाही. पाटी नसेल तरी चौकात, वळणावर, बसथांब्याजवळ, पादचारी पट्ट्यांवर आणि आधीच उभ्या असलेल्या वाहनाच्या शेजारी दुसरी रांग करून गाडी लावायची नाही, हे २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांत आहे. दुसरी रांग हाच आमच्यासाठी सर्वात मोठा मोह होता. दारासमोर कड भरलेली असेल तर उभ्या गाड्यांच्या शेजारी थांबून आईला उतरवावं, असं हमखास वाटतं. दोनदा तसं केलंही. दोन्ही वेळा आईला दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून आडवं चालावं लागलं आणि मागची बस अडली. आता कड भरलेली असेल तर पुढे जाऊन पन्नास-साठ पावलांवर उतरवते. काकू तिथे येतात.

दारासमोरच्या त्या जागा

याच दिवसांत मी बाकावर बसून दाराकडे बघायला लागले. दाराच्या दोन्ही अंगांना मिळून सात-आठ मोटारींची जागा. साडेचारला ज्या गाड्या पाहिल्या होत्या, त्यातल्या बहुतेक आठलाही तिथेच असायच्या. रंग आणि खरचटे ओळखीचे झाले होते. सर्वात आधी येतो त्याला सर्वात जवळची जागा मिळते आणि जो आधी येतो तो सहसा सर्वात जास्त वेळ थांबणाराच असतो. कुणी कामावर आलेला, कुणी आसपास राहणारा. ते काही बेकायदा करत नाहीत आणि मी त्यांच्यावर चिडलेली नाही. पण त्याच कडेवर माणसं उतरवायला तीन-तीन मिनिटं दिली तर एका गाडीच्या जागेत तासाभरात पंधरा-वीस गाड्यांमधली माणसं उतरू शकतात. आज त्याच एका जागेत संध्याकाळभर एक रिकामी गाडी उभी असते आणि काठी घेतलेली माणसं रस्त्याच्या मधोमध उतरतात. मी एका संध्याकाळी अशा माणसांना मोजायचं ठरवलं आणि थोड्या वेळानं मोजणं सोडून दिलं, इतकी होती.

पैसे आकारले की जागा सुटतील, असं एक उत्तर आहे. अमेरिकेतले नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच मांडलं: रस्त्यावरच्या जागेचा दर एवढा असावा की प्रत्येक पट्ट्यात एखाद-दोन जागा कायम रिकाम्या राहतील. आपल्याकडे मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं पार्किंग धोरण मंजूर केलं, त्यात रस्त्यावर पैसे घेऊन गाडी लावू देण्याचा विचार होता आणि त्याला मोठा विरोध झाला. तेव्हा मीही विरोधातच होते. आज सदाशिव पेठेतल्या त्या गल्लीसाठी मी पैसे देईन. पण दारासमोरच्या जागेचं उत्तर दर हे नाही, असं मला ठामपणे वाटतं. तिथे पैसे लावले तर पैसे देणाऱ्याची गाडी दोन तास उभी राहील, इतकंच. ती कड गाडी ठेवण्यासाठी असूच नये, ती माणसं उतरवण्यासाठी राखावी. दोन गाड्यांच्या लांबीची पुरे. शेजारी पदपथाची कड उतरती केली तर आणखी चांगलं. पदपथ १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा असं भारतीय रस्ते काँग्रेसची मानकं सांगतात, पण नव्या गुडघ्याला पंधरा सेंटिमीटरही एक पायरीच असते. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना झाली तेव्हा रुंद पदपथ आणि गाड्यांसाठी आखलेल्या खोबणी संभाजी उद्यानाच्या परिसरात आपण करून दाखवल्याच आहेत. हे पुण्याला न जमणारं काम नाही.

हातानं काढलेल्या नकाशासह असा एक अर्ज आम्ही पाच जणींनी सह्या करून संबंधित कार्यालयात दिला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. मी पाठपुरावा करते आहे.

जे दिवस सोडून दिले

काही दिवशी आमची ही पद्धत चालत नाही. संकष्टीला तर अजिबात नाही. चंद्रोदय रात्री होतो आणि उपास सोडण्याआधी दर्शनाला येणाऱ्यांची रीघ संध्याकाळपासून लागते. अंगारकीला तर विचारूच नका. त्या दिवशी पावणेसातची ओहोटी नसतेच. आम्ही संकष्टीच्या आदल्या दिवशी जातो किंवा सकाळी. दिवाळी पाडव्याच्या पहाटे बागेत तरुण मुलांची एवढी गर्दी होते की काठी घेऊन जाणं धोक्याचंच. गणेशोत्सवात रस्तेच बंद असतात. अशा दिवशी काकू फोन स्पीकरवर ठेवून बाकावर बसतात.

ज्यांना पायांचा त्रास नाही त्यांना मात्र मी सांगते, गाडी आणूच नका. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत येते आणि तिथून बाग चालण्याच्या अंतरावर आहे. तुमची एक गाडी कमी आली तर दारातली एक कड मोकळी होते. तिथे कुणाची तरी आई उतरणार असते.

मार्चमध्ये एका बुधवारी मी दाराशी गाडी हळू केली तर आई म्हणाली, "थांबू नकोस, पुढे चल. मी येते तुझ्याबरोबर गल्लीतून." मी दोनदा विचारलं. गाडी लावली, विषम तारीख, विषमची बाजू. पूरम चौकातला सिग्नल तिच्या चालीला कमी पडेल या धास्तीनं मी हात वर करून गाड्या थोपवत होते. आठ मिनिटांच्या वाटेला तिला बावीस मिनिटं लागली, मध्ये दोनदा दुकानाच्या पायरीवर टेकलो. दाराशी पोचलो तेव्हा दुर्वावाल्या मावशींनी सवयीनं स्टूल पुढे सरकवलं. आई म्हणाली, "आज नको," आणि मग, "बरं, क्षणभर बसते," म्हणून बसली.